कमरेखालची आडवी चेन

नंदनवन, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. काजल हिस अनेक आशीर्वाद.

या पार्सलात माझ्या हातच्या पुढील वस्तू आहेत. पत्र हातात धरून एकेक मोजून घे.

गुहेत घालायचा अख्खा सूट, पिवळा, एक. पुढून चेन, गळ्यापासून बेंबीखाली चार बोटांपर्यंत. कोपरं आणि गुडघे दुहेरी. दोर न्यायची लांबोडकी पिशवी, एक; तळाला पितळी डोळे सहा, पाणी निघून जावं म्हणून. गुडघ्यांना बांधायचे पट्टे, एक जोड. नकाशाच्या वहीचं पाकीट, एक. पेन्सिल दोरीनं बांधून दिली आहे, कारण दहावीपर्यंत तू किती पेन्सिली हरवल्या ते मला माहीत आहे. सुटाला इंचात आठ टाके आहेत. विकतच्या सुटात सहा असतात, मी उसवून मोजले.

दोरावर लटकताना कमरेला बांधायचा पट्टा मी शिवला नाही. ज्यावर जीव टांगायचा तो तपासणीचा शिक्का असलेलाच घ्यायचा. मला काय येत नाही तेही मला नीट येतं.

तू शिलाँगला दगडांचा अभ्यास करायला गेली, हे मी लोकांना सांगतो तेव्हा लोक विचारतात, "दगड इकडे नव्हते काय?" मी टेप गुंडाळायला लागतो. फेब्रुवारीत तुम्ही तीन दिवस जमिनीखालीच मुक्काम करणार, हे मात्र मी तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. चंद्रकलाबाई माझी मोठी बहीण, तिला मी अजून भितो.

काही कमी-जास्त असेल तर पत्रानं कळव. मोबाईलवर माप पाठवू नकोस. तिथे माप वर सरकून जातं आणि खाली कोणाचं तरी गुड मॉर्निंग येतं.

शिवण जपून वापर. हे सारं मला कोणी शिकवलेलं नाही. माझ्या कार्डावर 'जागेश्वर ढाकाटे, स्वयंशिक्षित' असं छापलं आहे ते उगाच नाही.

तुझा मामा,
जागेश्वर

•

शिलाँग
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामाजी,

पार्सल पोचलं, मोजलं, एकही वस्तू कमी नाही. सूट असा बसला की जसा अंगावर ओतलाय. अदिती, माझी खोलीतली मैत्रीण, आमच्या टोळीची डॉक्टर, तिनं तो घालून खोलीभर नाच केला. आमचे म्होरके गिरिधर सर. ते कोणाचंच कौतुक करत नाहीत. त्यांनी शिवण ओढून पाहिली आणि "हूं" म्हणाले. त्यांचं हूं म्हणजे सोन्याचं पदक समजा.

आता दोन छोटी कामं. छोटीच आहेत, घाबरू नका.

एक, सुटाला मागून, कमरेखाली, एक आडवी चेन पाहिजे. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत.

दोन, वीतभर लांबीची एक पिशवी. बाहेरचं पाणी आत नको, आतलं बाहेर नको, आणि वास तर अजिबातच बाहेर नको.

कशाला म्हणाल तर बॅटऱ्यांसाठी. दिव्याच्या.

मामीला नमस्कार. आईला अजून सांगितलं नाही ते बरंच केलं.

तुमची काजल

•

नंदनवन, नागपूर
८ डिसेंबर २०२४

चि. काजल,

पिशवी सोबत पाठवत आहे. बॅटरीला वास कसला येतो, हा विचार मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी उलगडलं. जुनी बॅटरी पाझरते, त्याला उग्र वास येतो. बरोबर? तू सांगितलं नाहीस, मीच ओळखलं.

म्हणून आत रबरी अस्तर लावलं. शिवाय तुझ्या ध्यानात न आलेल्या दोन सोयी केल्या. समोर पारदर्शक खिडकी ठेवली, म्हणजे पिशवी न उघडता आत काय आहे ते सगळ्यांना दिसेल. आणि खिडकीखाली चमकत्या पट्टीची अक्षरं कापून 'काजल' लिहिलं. अंधारात नुसता दिवा पडला तरी साठ फुटांवरून नाव वाचता येतं. गल्लीत मामीला उभं करून मी टेप लावून मोजलं आहे.

चेनीचं मात्र जमणार नाही. बसायच्या जागी चेन म्हणजे धरणाच्या भिंतीला खिडकी. बॅटरी काढायला माणूस मागून हात कशाला घालेल? उलट तिथे कापड घासून विरेल अशी मला शंका आली, म्हणून चामड्याचं एक भक्कम ठिगळ पाठवतो आहे. तुझ्या हातानं चारही बाजूंनी पक्कं शिवून टाक. मग तिथून मुंगीही आत जाणार नाही की बाहेर येणार नाही.

कारण कळल्याशिवाय मी कापडाला भोक पाडत नाही. हा माझा नियम आहे, भाची असो की कलेक्टर.

तुझा मामा,
जागेश्वर

•

शिलाँग
१९ डिसेंबर २०२४

प्रिय मामाजी,

बसा. मामीला चहा ठेवायला सांगा. मग पुढचं वाचा.

बॅटऱ्या नाहीत. पाळी आहे.

लिहिलं एकदाचं. तुमची पिशवी उघडली तेव्हा अदिती इतकी हसली की पलंगावरून खाली पडली. पारदर्शक खिडकी, मामाजी! वर माझं नाव! साठ फुटांवरून!

आता खरं काय ते ऐका. गुहेत काहीच टाकून यायचं नसतं. बिस्किटाचा कागद नाही, लघवी नाही, तेही नाही. जे नेलं आणि जे झालं ते सगळं बांधून वर आणायचं. आणि सूट पुढून उघडतो, म्हणून पॅड बदलायचा तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं सोलावं लागतं. आत अंग ओलं, वारा वाहत असतो, हात कोपरापर्यंत चिखलाचे, आणि आडोसा म्हणजे पोरांनी तोंड फिरवून म्हटलेलं गाणं. कप वापरते मी, पण तो सांभाळायलाही हात स्वच्छ पाहिजे.

मागच्या वर्षी अदितीचं असंच झालं. सूट उतरवला, अंग गार पडलं, दात वाजायला लागले, आणि सगळी टोळी अर्ध्यातून परत फिरली. तेव्हापासून गिरिधर सरांचा नियम आहे, मुक्कामाला जाणाऱ्या मुलींनी आपली तारीख सांगायची. त्या दिवसांत येत असेल तर वर तंबूत बसून नोंदी करायच्या. सर वाईट नाहीत, नुसते घाबरलेत.

मुक्काम पाच ते आठ फेब्रुवारी. माझी तारीख सहा.

आणि मामाजी, ज्या फटीतून या वेळी पुढे जायचं ती मी शोधली आहे. मागच्या मार्चमध्ये, पोटावर सरपटत, एकटीनं. पलीकडे मोठी पोकळी आहे, मी दिवा मारून पाहिली, पण दोर संपला होता. जो पहिला आत जातो तो नकाशा काढतो, तोच नाव देतो. मी तंबूत बसले तर माझ्या फटीतून दुसरे जातील आणि मी त्यांच्यासाठी चहा करीन.

सर २६ जानेवारीला यादी लावणार. सूट सोबत परत पाठवत आहे. चेन लावाल का?

आईला सांगायची हिंमत नाही. ती म्हणेल, घरी ये.

तुमची काजल

•

नंदनवन, नागपूर
२८ डिसेंबर २०२४

चि. काजल,

पत्र व सूट मिळाला. पोच देत आहे.

जागेश्वर

•

शिलाँग
६ जानेवारी २०२५

मामाजी,

दोन ओळींचं पत्र आलं. त्यात 'तुझा मामा'सुद्धा नव्हतं. लहानपणी तुमचं चॉकलेटी पाकीट नाल्यात टाकलं होतं, तेव्हाही तुम्ही इतके गप्प नव्हते.

मी असं कागदावर लिहायला नको होतं का? पण मग कोणाला लिहू? विकतचा सूट बाहेरून मागवला तर तीस हजार, तोही पुरुषांच्या मापाचा. आणि तुमच्यासारखं शिवणारं मला दुसरं कोणी माहीत नाही.

राग आला असेल तर सूट आहे तसाच परत पाठवून द्या. चहा करायला तो चालेल.

काजल

•

नंदनवन, नागपूर
१५ जानेवारी २०२५

चि. काजल,

राग कसला? अभ्यास करून राहिलो होतो. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्यावर चार ओळी लिहिण्यापेक्षा दोन बऱ्या, म्हणून पोच दिली. आता सविस्तर.

पहिल्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो आणि सात प्रकारचे पॅड मागितले. दुकानदारानं ते पेपरात बांधले, पेपर काळ्या पिशवीत घातला. मी माल तपासल्याशिवाय घेत नाही. काउंटरवर सगळे सोडले, टेप काढला आणि लांबी-रुंदी लिहून घेऊ लागलो. दुकानात सहा गिऱ्हाईकं होती. थोड्या वेळानं पाहिलं तर मी एकटाच.

मग कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो. तिथे माझा मित्र कवडू तोलाईचं काम करतो. धान्याचा नमुना मोजायचा बारीक काटा त्याच्याकडून मागितला.

"कशाले पायजे गा?"

"पॅड मोजाचे आहे."

"कशाचे पॅड?"

"बायकायचे."

कवडूनं इकडे तिकडे पाहिलं, काटा पोत्यामागे नेला, मला हातानं बोलावलं. मला वाटलं आता शिव्या देतो. तो हळूच म्हणाला, "जागेश्वर, त्यातला चांगला कोणता निघन ते मलेबी सांग गा. पोरगी आठवीत आहे. तिची माय नाही. मी दुकानात जाऊन नुसता उभा रायतो."

वजनं झाल्यावर मी त्याला आकडेवारी लिहून दिली. तीन रकान्यांत.

घरी निळ्या शाईचं पाणी करून एकेका पॅडवर मोजून ओतलं, वेळ लावली, तक्ता केला. मामी दारात उभी राहून पाहत होती.

"काहो, हे काय करून राहिले?"

सांगितलं. ती कपाळाला हात लावून खालीच बसली. "बापा! टेबलावर ठेवून वरून ओतल्यावानी येते काय ते? बसल्यावर येगळं, उठल्यावर येगळं, सरपटली तं आणखी येगळं. सव्वीस वर्षं झाली लग्नाले, कधी विचारलं नाही, अन् आता तक्ता करून राहिले!"

मी तक्ता फाडला. मग मामीनंच सूट घातला.

चेन लावून झाली होती. मोठ्या दातांची, दोन तोंडांची, वर चार बोटं रुंद झाकण, म्हणजे चिखल थेट दातांत जाणार नाही. पण चाचणी कुठे घ्यायची? गुहा नंदनवनात नाही. आपल्या दिवाणाखाली सव्वा फूट जागा आहे. मामी डोक्याला दिवा लावून त्याखाली शिरली. मी बाहेर घड्याळ घेऊन. तेवढ्यात शेजारचे ओमप्रकाशजी वर्तमानपत्र मागायला आले. दिवाणाखालून दोन पिवळे पाय.

"भाभीजी क्या कर रही हैं?"

मी बोलायच्या आत आतून आवाज आला, "मेघालयले जाऊन राहिली!"

ओमप्रकाशजी पेपर न घेता गेले. तेव्हापासून मला फार आदरानं नमस्कार करतात.

मामी बाहेर आली आणि पहिला प्रश्न टाकला, "चेन झाली, पिशवी झाली. हात कुठं धुयाचे?" मी पिशवी परत उसवायला घेतली. इतकी मापं घेतली आणि हात विसरलो! म्हणून आता पिशवीला बाहेरून वेगळा कप्पा आहे. त्यात पातळ हातमोजे पाच जोड्या, ओले रुमाल, आणि पाव लिटरची दाबायची बाटली. चिखलाचा हात मोज्यात घालायचा, काम करायचं, मोजा उलटा काढून पिशवीत टाकायचा.

आडोशाला घेराचा परकर शिवला आहे. गळ्यात अडकवायचा, गुडघ्याखाली जातो, घडी केल्यावर मुठीत मावतो. गाणं म्हणायची गरज नाही.

वासाची चाचणी सगळ्यांत कडक घेतली. भिजवलेली सुकट पिशवीत भरून दोन दिवस उन्हात ठेवली. परीक्षक म्हणून गल्लीतली मांजर. पहिल्या पिशवीवर ती चढून बसली, नापास. दुसरीत शिवणीवर आतून रबराची पट्टी चिकटवली. मांजर आली, हुंगलं, विचार केला, परत आली, नापास. तिसरीत तोंड तीनदा गुंडाळून पट्ट्यानं आवळायचं केलं, आणि आत खायचा सोडा टाकला. मांजर पिशवीवरून चालत गेली आणि ओमप्रकाशजींच्या दारात जाऊन बसली. पास. अशा दोन पाठवतो, एक जादा. खिडकी काढली आहे. नावही.

चेनीवर अंगणातला चिखल फासून दोनशे वेळा उघडझाप केली. एकशे चाळीसच्या सुमारास अडली. मेणबत्ती घासली, पुढचे साठ सुरळीत. मेणबत्तीचा तुकडा कप्प्यात आहे.

हेही मला कोणी शिकवलं नाही. मामीनं फक्त चुका दाखवल्या.

तुझा मामा,
जागेश्वर

•

शिलाँग
२६ जानेवारी २०२५

प्रिय मामाजी, आणि त्याहून प्रिय मामी,

यादी लागली. तिसरं नाव माझं आहे!

पार्सल परवा मिळालं. मी सूट घालून थेट गिरिधर सरांच्या समोर गेले आणि म्हटलं, "सर, माझी तारीख सहा आहे आणि मी जाणार आहे. काय तपासायचं ते तपासा." सरांनी चेन पाहिली. "ही कमजोर जागा आहे." मी म्हटलं, "नाही सर, दोनशे वेळा झालंय." त्यांनी मला ओढ्यात पोटावर झोपवलं, चिखलात सरपटवलं, मग सूट उलटा करून पाहिला. आत दोन चमचे पाणी. त्यांच्या स्वतःच्या सुटात वाटीभर असतं. मग परकर, मोजे, पिशवी, सगळं आवरून दाखवलं. चार मिनिटं दहा सेकंद, खांदा उघडा न पडता. सर "हूं" म्हणाले. आणि मग दुसऱ्यांदा "हूं" म्हणाले. दोनदा कोणालाच मिळालेलं नाही.

त्या आनंदात आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मामाजी, ती रागावली नाही. तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "जागेश्वरले म्हणावं, कार्डावरचं ते स्वयंशिक्षित पुसून टाक." मी विचारलं, काहून? तर तिनं सांगितलं. तुमच्या उमरेडच्या घरी त्या चार दिवसांत बायकांनी हातमागाला हात लावायचा नाही अशी आजीची रीत होती. तेव्हा तिच्या जागी तुम्ही मागावर बसायचे. आणि ती दाराच्या उंबऱ्यावर बसून ओरडायची, "अबे धोटा आधी, पाय मंग! काठ ढिला होऊन राहिला! उसव!" महिन्यातून चार दिवस, तीन वर्षं.

हे खरं आहे का?

मी आता निघते. पाच ते आठ तारखेपर्यंत जमिनीच्या वर नसेन. उत्तर शिलाँगलाच पाठवा, आल्यावर वाचीन.

तुमची काजल

•

नंदनवन, नागपूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. काजल,

उद्या तू आत जाशील. हे पत्र तुला बाहेर आल्यावर मिळेल, हे गृहीत धरून लिहितो. दुसरं काही गृहीत धरायचं नाही, असं मामीनं बजावलं आहे.

तुझं पत्र वाचून मी दोन वेळ जेवलो नाही. तिसऱ्या वेळी सरळ उमरेडच्या बसमध्ये बसलो. ताईच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालो, "तू मले शिकवलं? कधी शिकवलं? तू तं उंबऱ्यावर बसून नुसती बोंबलत होती!"

ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "बोंबलण्यात मापं होती काय नव्हती?"

मी समोर बसून शेंगा सोलायला लागलो. मापं होती. प्रत्येक बोंबेत होती.

आमच्या जुन्या घरात आता मोटारसायकली दुरुस्त करतात. मालकाची परवानगी घेऊन आत गेलो. मागाचा खड्डा बुजवलेला आहे, पण फरशीचा रंग तिथे वेगळा आहे, म्हणून जागा सापडली. खिशात टेप होताच. उंबऱ्यापासून मागापर्यंत आठ फूट सात इंच. आठ फूट सात इंचांवरून, सोळा वर्षांच्या पोरीला, माझ्या हाताखाली काठ ढिला होतोय हे दिसत होतं! मला आज मशीनवर वाकून, चष्मा लावून दिसत नाही. तिचा हात माझ्याहून बरा होता. आणि महिन्यातले चार दिवस तिला त्या हाताची मनाई, म्हणून मी कापड आणि माप शिकलो. मी हे विसरलो नव्हतो, फक्त कधी मोजलं नव्हतं.

परत आल्यावर कार्डं काढली. तीनशे चाळीस शिल्लक होती. पट्टी लावून एकेकावर 'स्वयंशिक्षित' खोडलं. मामी म्हणाली नवीन छापा. मी म्हटलं, खोडलेलंच दिसू दे.

पट्टा तपासून बांध. मेणबत्ती विसरू नको.

तुझा मामा,
जागेश्वर

•

शिलाँग
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामाजी,

बाहेर आहे. जिवंत आहे. नखांत अजून चिखल आहे, तो मी मुद्दाम काढला नाही.

आम्ही चौघं होतो. गिरिधर सर, अदिती, अनिश आणि मी. माझ्या फटीतून पहिली मी गेले. फट एवढी बुटकी की मला मामी आठवली, म्हणून नकाशावर तिचं नाव 'दिवाण' लिहिलंय. खरंच, छापून येईल. पलीकडची पोकळी इतकी मोठी की दिवा समोरच्या भिंतीपर्यंत पोचेना. मी ओरडले तर माझा आवाज फिरून आला तेव्हा जरा शहाणा झाला होता. बाराशे साठ मीटर नवी वाट निघाली, मामाजी. प्रत्येक मीटर माझ्या पेन्सिलीचा.

आणि ती? ती सहाला यायची, पाचलाच आली. तेही अशा ठिकाणी की गुडघे पाण्यात आणि पाठ छताला. मी ओरडले, "थांबा, दहा मिनिटं." अनिश गाणं म्हणायला लागला, मी म्हटलं, "नको रे बाबा." पुढे एक सुका कोनाडा होता. परकर, मोजा, चेन, कप, मोजा उलटा, पिशवी, तीन गुंडाळ्या. सात मिनिटं. चेन एकदा अडली, मेणबत्ती घासली. कोणी थरथरलं नाही, कोणी परत फिरलं नाही. मी पेन्सिल उचलली आणि पुढचा कोन मोजला. एवढंच झालं. इतके महिने ज्याची भीती होती ते सात मिनिटांचं काम निघालं!

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी जेवणात डबाबंद मासे होते. थोड्या वेळानं गिरिधर सर माझ्याजवळ आले. चेहरा कागदासारखा. हळूच म्हणाले, "काजल, तुझी ती... पिशवी... जादा आहे का?"

मी म्हटलं, "कोणती सर? तारीख काय आज?"

"काजल!"

मी दिली. जादाची पिशवी, हातमोजे, परकर, सगळं दिलं. सर उंच आहेत, परकर त्यांच्या मांडीपर्यंतच आला. चेन त्यांच्या सुटाला नाही, म्हणून तो सगळा सोलावा लागला, आणि पलीकडून त्यांचे दात वाजताना आम्हाला ऐकू येत होते. अदिती तोंडात रुमाल कोंबून हसत होती. तीन वेळा जाऊन आले. त्यानंतर अनिश त्याच पिशवीशेजारी डोकं ठेवून सहा तास झोपला आणि त्याला काही कळलं नाही. मांजरीला सांगा.

वर आल्यावर सरांनी यादीतला तारखेचा रकाना खोडला. त्याजागी 'पिशवी घेतली का' असा रकाना आला. सगळ्यांसाठी. आणि म्हणाले, "मला अशी चेन लावून मिळेल का?" दुसऱ्या टोळीच्या सहा मुलींनी माझा सूट वर्तमानपत्रावर ठेवून आखून घेतला. मी आखू दिला. चाललं ना?

सरांनी असे सूट बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला तुमचं नाव सांगितलंय. फोन येईल.

आईला सांगा, आठ फूट सात इंच वाचून मी रडले. मग हसले.

तुमची काजल

•

नंदनवन, नागपूर
९ मार्च २०२५

चि. काजल,

तुझं पत्र इथे तीनदा मोठ्यानं वाचलं गेलं. तिसऱ्यांदा ओमप्रकाशजींसाठी, हिंदीतून. तुझी आई आठ दिवस राहायला आली आहे. गिरिधर सरांचा सूट मी शिवतोय आणि ती खुर्ची टाकून समोर बसते. काल म्हणाली, "डावी बाजू ओढून राहिली." मी म्हटलं, नाही. टेप लावला. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ओढत होती. मुकाट्यानं उसवली.

कवडूच्या मुलीच्या शाळेतून मास्तरीणबाईंचा निरोप आला, कवडूला लिहून दिलेले ते तीन रकाने घेऊन या. मामी आणि मी दोघं जाणार आहोत. बोलणार मामी, मी काटा धरणार.

मुलींनी सूट आखून घेतला ते चाललं. पण वर्तमानपत्र पावसाळी हवेत ताणतं, माप पाव इंचानं चुकेल. जाड खाकी कागदावर पक्का नमुना काढून सहा प्रती पाठवतो. चेनीचा बाक कसा वळवायचा ते प्रत्येकीवर लिहिलं आहे.

कंपनीचे दोघं परवा विमानानं आले. चांगले लोक, कपडे नीट शिवलेले. सूट उलटून पालटून पाहिला, चेन ओढली, मामीनं त्यांना दिवाणाखालची चाचणी करून दाखवली. मग कागद काढला. माझ्या नावानं नमुना विकत घेणार, छायाचित्रासह. मला छायाचित्र आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. खिशात पेन होतं, टोपणही काढलं होतं.

पण चौथं कलम असं की नमुना त्यांच्या एकट्याचा. त्यानंतर मी तो कोणाला द्यायचा नाही, शिकवायचा नाही, आणि आधी कोणी आखून घेतला असेल तर त्यांचे कागद परत मागवून कंपनीकडे जमा करायचे. म्हणजे मी त्या सहा मुलींना पत्र लिहायचं, की पोरींनो, कागद द्या आणि तंबूत बसून चहा करा.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती सरांच्या सुटाची डावी बाजू बोटानं चाचपत होती. या वेळी तिनं ओरडायची गरज नव्हती.

टोपण लावलं. त्यांना चहा दिला. त्यांच्या कागदावर चेनीची लांबी अर्धा इंच चुकीची लिहिली होती, ती मात्र दुरुस्त करून दिली.

तुझा मामा,
जागेश्वर

ता. क. आकडा तू विचारशीलच, आणि मोघम सांगायची मला सवय नाही. नमुना कायमचा त्यांना एकट्यांना द्यायचे एकरकमी पाच लाख पंचाहत्तर हजार रुपये त्यांनी देऊ केले होते, आणि मी नाही म्हटलं.